काही आक्षेप, प्रोफेसरबाई?

रविवारी सकाळी दूध येऊन गेलेलं असायचं, पेपर यायचा असायचा, आणि नेमकी तेव्हा माझ्या दाराची बेल वाजायची. दार उघडलं की समोर बिस्किटी रंगाचा बुशशर्ट, त्याहून किंचित गडद बिस्किटी पँट, आणि या सगळ्याच्या वर मल्लोजीरावांचा चेहरा. राज्याचा अर्थसंकल्प मांडायला उभं राहिल्यासारखा.

"उद्यापासून टूथपेस्ट बदलायचं म्हणतो मी. लवंगाची सोडून मिठाची. काही आक्षेप, प्रोफेसरबाई?"

पहिल्या वेळी मला वाटलं, माणसाचे दात दुखताहेत आणि त्याला सल्ला हवाय. मी म्हटलं, "मीठ चांगलंच हो दातांना."

"चांगलं का वाईट, ते नाही विचारलो मी," ते शांतपणे म्हणाले. "आक्षेप आहे का, विचारलो."

"नाही."

"नक्की? स्वल्प विचार करा. पुढच्या रविवारपर्यंत मुदत आहे."

आणि ते वरच्या मजल्यावर गेले, तिथल्या लोकांना विचारायला.

बंगळूरच्या बसवनगुडीतलं आमचं घर तीन मजल्यांचं. तळमजल्यावर मल्लोजीराव एकटे, मधे मी एकटी, आणि वर ईशान नावाचा नागपूरचा एक तरुण आणि त्याची बायको. दोघंही दिवसभर कानात काहीतरी घालून परदेशातल्या लोकांशी बोलत असायचे. ईशान दार अर्धं उघडून ओरडायचा, "ऑल गुड, अंकल!" मल्लोजीराव जिना उतरताना माझ्यापाशी थांबून म्हणायचे, "ऑल गुड हे उत्तर नाही हो. तो हवामानाचा अंदाज झाला."

टूथपेस्टनंतर पंख्याचा रेग्युलेटर झाला. मग दिवाणखान्यातल्या खुर्चीचं तोंड पूर्वेकडून उत्तरेकडे करायचा प्रस्ताव आला. एकदा मिशी ठेवायचा विचार होता. त्या वेळी ईशान म्हणाला, "अंकल, यू डू यू." त्याचा अर्थ विचारायला ते दोनदा माझ्याकडे आले. मी सांगितलेला अर्थ त्यांना पटला नाही. मिशी आली नाही.

मल्लोजीराव हे नाव ऐकलं की माणूस आधी घोडा कुठे बांधलाय ते बघतो. प्रत्यक्षात त्यांच्याकडे एक जुनी स्कूटर होती आणि तीही ते पावसात बाहेर काढत नसत. घराणं तीन-साडेतीन शतकांपूर्वी इकडे आलेलं. मी कोल्हापूरची, नोकरीसाठी बंगळूरला आले आणि राहून गेले. माझ्या मराठीबद्दल त्यांना कौतुक होतं, पण आदर नव्हता. "तुमची मराठी रेल्वेनं आली," ते म्हणायचे, "आमची घोड्यावरनं." घोड्यावरून आलेली ती मराठी वाटेत भेटेल त्या कन्नड शब्दाला मागे बसवून घेत आली होती, आणि आता पुढे कोण बसलंय आणि मागे कोण, ते सांगता येत नव्हतं.

निवृत्त होईपर्यंत ते पीण्या या औद्योगिक वस्तीतल्या एका कारखान्यात पंपांचे सुटे भाग तपासायचे. हातात मोजमापाचं हत्यार, समोर भागांची रास. जो भाग मापात बसत नाही तो लाल पेटीत. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी राज्याचे कायदे तपासायला घेतले.

त्यांच्या संस्थेचं नाव 'मोदलु केळि'. कन्नडात याचा अर्थ 'आधी विचारा'. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ती फळविक्रेत्यांची संघटना वाटली होती. संस्थेत सगळे निवृत्त. एक पोस्टमास्तर, एक दंतवैद्य, दोन शिक्षिका, एक बाई आयुष्यभर एलआयसीच्या पॉलिसी विकलेल्या. त्यामुळे नकार ऐकायची सवय फक्त त्यांनाच. संस्था कुठल्याही पक्षाची नाही आणि तिची मागणी एकच, आणि तशा कायद्याचा मसुदाही तयार: विधानसभेत कुठलंही विधेयक मांडण्याआधी ते महिनाभर लोकांसमोर ठेवा, लोकांचे आक्षेप घ्या, आणि प्रत्येक आक्षेपाला कारणासकट उत्तर द्या. मानू नका हवं तर. पण उत्तर द्या.

"आणि लोक काही बोललेच नाहीत तर?" मी विचारलं होतं. "मौन म्हणजे संमती, असं आपल्याकडे मानतात."

"ते कोण म्हणाला माहीत आहे?" मल्लोजीराव म्हणाले. "जो विचारायला कंटाळला, तो."

मी राज्यशास्त्र शिकवलं. विधेयकाची तीन वाचनं फळ्यावर इतक्या वेळा लिहिली, की झोपेतही खडू धरल्यासारखी बोटं करत असेन. पण लोकशाहीवर माझा विश्वास विचाराल, तर मिठाईवाल्याचा मिठाईवर असतो तेवढाच. विकायची, खायची नाही. मल्लोजीराव मात्र खाणाऱ्यांतले.

निःपक्षपातीपणाचे त्यांचे नियम संस्थेपेक्षा कडक होते. कपड्यांचंच बघा. भगवा एकांचा, हिरवा दुसऱ्यांचा, निळा तिसऱ्यांचा, लाल चौथ्यांचा, पिवळा इथल्या भाषेच्या अभिमान्यांचा, आणि पांढरा तर सगळ्यांचाच. उरला बिस्किटी. मग सगळे शर्ट त्याच रंगाचे. एका नव्या पक्षाचा झेंडा मातकट रंगाचा आहे अशी अफवा आली, तेव्हा हा माणूस दोन दिवस घराबाहेर पडला नाही.

आमच्या वॉर्डातल्या रहिवासी संघानं एकदा त्यांचा सत्कार करायचं ठरवलं. आमच्या गावात सत्कार म्हणजे शाल, म्हैसूर पेटा म्हणजे पगडी, चंदनाचा हार आणि प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली फळांची परडी. ती परडी पुढे आणखी चार सत्कारांना उपयोगी पडते. मल्लोजीरावांनी सेक्रेटरींना विचारलं, "शाल कुठल्या रंगाची?" सेक्रेटरी म्हणाले, "रंगाचं काय घेऊन बसलात सर?" पण हे घेऊन बसलेच. बिस्किटी शाल चिकपेटेच्या कापडबाजारात मिळेना. पेट्याला तर सोनेरी जरी. शेवटी सत्कार रद्द झाला आणि परडी कुणा निवृत्त होणाऱ्या इंजिनियरकडे गेली. त्या संध्याकाळी मल्लोजीराव इतके खुशीत होते, की त्यांनी स्वतःच स्वतःचा सत्कार टाळला हे त्यांना सत्कारासारखं वाटत होतं.

दुसरा नियम: ज्याच्याकडे मागायला जायचं, त्याच्या घरची कॉफी घ्यायची नाही. बंगळुरात हा नियम पाळणं म्हणजे पंढरीत राहून टाळ न वाजवण्यासारखं. म्हणून ते स्वतःचा थर्मास घेऊन जायचे आणि गेटबाहेर उभं राहून प्यायचे.

एकदा मी त्यांच्याबरोबर एका आमदारांकडे गेले. कुठले ते विचारू नका. पक्ष त्यांनाही रोज सकाळी आठवावा लागत असेल. बाहेरच्या खोलीत लग्नपत्रिका घेऊन आलेले लोक, एक देवळाची कमिटी, एक ट्रान्स्फर मागणारी नर्स. भिंतीवर साहेबांचे त्यांच्याहून मोठ्या साहेबांबरोबरचे फोटो. शेवटी आमचा नंबर लागला. बोलणं कन्नडात झालं.

"राव सार! बन्नि, बन्नि. कॉफी?"

"बेडा," मल्लोजीराव म्हणाले. म्हणजे नको.

"किती वर्षं येताय. एकदा तरी घ्या हो."

"कायदा झाला की जेवायलाच येतो. पायसम करून ठेवा."

आमदार मनापासून हसले. माणूस वाईट नव्हता. "सार, तुम्हाला आनंदाची बातमी देतो. तुमच्या मसुद्याला आमच्यात कुणाचा आक्षेप नाही. त्यांच्यातही नाही. मी स्वतः विचारलो."

मला वाटलं, मल्लोजीराव खूश होतील. त्यांचा चेहरा उतरला.

"कुणाचाच नाही?"

"एकाचाही नाही."

"कुणी वाचला तरी का?"

आमदारांनी पीएकडे बघितलं, पीएनं पंख्याकडे. "सार," आमदार आवाज खाली आणून म्हणाले, "वाचला असता तर आक्षेप असता की."

बाहेर बसस्टॉपवर मल्लोजीरावांनी थर्मास उघडला, पण कॉफी ओतली नाही. झाकण हातात धरून म्हणाले, "पीण्यात माझ्या हातनं रोज किती नग जायचे. चांगले नग पुढं सरकायचे, बघायला लागायचंच नाही. पण लाल पेटीत टाकायचा नग मी हातात घेऊन फिरवून बघायचो. उजेडाला धरायचो. रिजेक्ट करणारा निदान हातात घेतो हो. 'आक्षेप नाही' म्हणजे काय? म्हणजे हातातच घेतलं नाही."

मी काहीतरी खवचट बोलणार होते. त्याऐवजी बस येतेय का ते बघितलं.

मग एके दिवशी, रविवार नसताना, बेल वाजली. दारात मल्लोजीराव, हातात म्हैसूर पाकाचा डबा, डोळ्यांत पाणी म्हणावं अशी चमक.

"आला! आला!"

"काय? कायदा?"

"आक्षेप! एका आमदारांनी लेखी आक्षेप दिला. म्हणतात, लोकांना विचारत बसलो तर कायदे करायचे कधी? केवढा मुद्द्याचा आहे बघा! घ्या, म्हैसूर पाक घ्या."

'मोदलु केळि'च्या लोकांनी त्या आमदारांच्या आक्षेपाला उत्तर तयार करण्यात जो आनंद लुटला, तो पाहून मला माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांची कीव आली. दंतवैद्य म्हणे रात्री उठून मुद्दे सुचवायचे. मल्लोजीराव त्या दिवसांत जिन्यात शीळ घालायचे. विधेयक पुढे सरकलं नाही, ते कधीच सरकत नाही. पण कुणीतरी ते हातात घेतलं होतं.

त्यांच्या घरी मी क्वचितच जायची. स्वयंपाकघराच्या खिडकीत एक कुंडी होती, ओव्याच्या पानांची. इकडे त्याला दोड्डपत्रे म्हणतात. पानं वाटून ताकात घालतात, खोकल्याला देतात. खिडकी उत्तरेची, ऊन कधीच नाही. बिचारं झाड उजेडाच्या शोधात लांबलचक वाढून वाकलं होतं. मी म्हटलं, "अंगणात ठेवा की. चार दिवसांत फोफावेल."

"त्यावर निर्णय झालेला नाही," ते म्हणाले आणि विषय बदलला. टूथपेस्टवर आठवड्यात निर्णय घेणारा माणूस एका कुंडीवर इतकी वर्षं अडलेला पाहून मला गंमत वाटली. सरकारी कारभारच अंगात मुरलाय, असं मी मनात म्हटलं.

मग तो रविवार आला. बेल वाजली. बिस्किटी शर्टाला इस्त्री नेहमीपेक्षा कडक.

"मी हेब्बाळला, शुभाकडे, कायमचं राहायला जायचं म्हणतो," ते म्हणाले. शुभा म्हणजे त्यांची मुलगी. तिचा नवरा जहाजावर, वर्षातून बराच काळ समुद्रात. ती तिकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला, तळ्याजवळच्या एका उंच इमारतीत राहायची, ऑफिसही तिकडेच. "काही आक्षेप, प्रोफेसरबाई?"

सभ्य माणसं अशा वेळी जे बोलतात, ते मी बोलले. "माझा कसला आक्षेप? चांगलंच आहे. या वयात मुलीजवळ असलेलं बरं."

"आक्षेप नाही?"

"छे, छे."

ते क्षणभर दाराच्या चौकटीकडे पाहत राहिले. मापात बसते का, ते बघत असावेत तसं. मग म्हणाले, "सरी," म्हणजे ठीक, आणि वर गेले. वरून ईशानचा आवाज आला, "वाव, लेक व्ह्यू! नो ऑब्जेक्शन, अंकल, मस्त!" ते उतरताना माझ्या दाराशी थांबले नाहीत. हवामानाच्या अंदाजाबद्दल काही बोलले नाहीत.

शुक्रवारी शुभा खोकी घेऊन आली. सामान बांधून दमली, तेव्हा मी तिला वर चहाला बोलावलं. ती खुर्चीत बसली आणि पायातल्या चपला तशाच ठेवून म्हणाली, "आँटी, अप्पा तुम्हाला विचारायला आलेले ना? काय म्हणालात?"

"आक्षेप नाही म्हटलं. का गं?"

"सगळे तेच म्हणाले." ती कपाकडे बघत राहिली. "अप्पांची ही विचारायची सवय तुम्हाला विधानसौधवरनं आली असं वाटतं ना? तिकडनं नाही आली. आमच्या घरात अम्मा होती."

तिची आई, कावेरीअक्का, मी इथे राहायला येण्याआधीच गेल्या होत्या. मला त्यांचा फक्त हार घातलेला फोटो माहीत होता.

"अम्मा प्रत्येक गोष्टीला 'बेडा' म्हणायची," शुभा हसत म्हणाली. "अप्पा म्हणायचे, फ्रीज घेऊ या. बेडा. का? तर पाणी गार प्यायलं की शुभाचा घसा धरतो. मग अप्पा दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन यायचे. मग तिचा दुसरा मुद्दा. फ्रीज यायला दोन उन्हाळे गेले! स्कूटरच्या रंगावरनं तर मी शाळेतनं येऊन बघायची, आज कुठवर आलं. 'मोदलु केळि'च्या लोकांना पण ती सुनावायची. म्हणायची, सरकार विचारत नाही म्हणून बोंबलता, सांबारात चिंच किती ते आधी घरात विचारा."

"मग तेव्हापासून घरात विचारू लागले?"

"तेव्हापासून." तिनं कप खाली ठेवला. "शेवटी हॉस्पिटलात ती बोलायची बंद झालेली. अप्पा तिच्या कानाशी गेले. तिला चिडवायलाच, मुद्दाम. दोड्डपत्र्याची ती कुंडी आहे ना, तिची जीव की प्राण. कुणाला हात लावू द्यायची नाही. अप्पा म्हणाले, 'कावेरी, तुझी कुंडी मी खिडकीतनं काढून अंगणात ठेवायचं म्हणतो. आक्षेप?' मी पलीकडे उभी होते. ती डोळे उघडली. अप्पांकडे बघितली. म्हणाली, 'नाही.'"

खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षावाल्याशी मीटरवरून भांडत होतं.

"अप्पा बाहेर येऊन बाकावर बसले," शुभा म्हणाली. "मला म्हणाले, 'ती चालली गं.' डॉक्टरांना कळायच्या आधी."

ती गेल्यावर मी कप धुतले. धुतलेले कप पुन्हा धुतले.

रविवारी सकाळी दूध आलं. बेल वाजली नाही. मुदतीचा शेवटचा दिवस होता, नवा प्रस्ताव काही नव्हता, आणि जुन्याचं उत्तर मागायला कुणाच्या दारात जाऊन उभं राहणं म्हणजे दबाव आणणं, असा त्यांचा नियम. मी खाली उतरले आणि त्यांची बेल मी वाजवली. न बोलावता, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मल्लोजीरावांनी दार उघडलं. मागे दोरीनं बांधलेली खोकी, भिंतीवर फोटोच्या जागी फोटोच्या आकाराचा स्वच्छ चौकोन.

"आक्षेप आहे," मी म्हटलं.

 त्यांनी सावकाश शर्टाचं गळ्याचं बटण लावलं. खुर्चीवरचं खोकं खाली ठेवून म्हणाले, "बसा. कारणं सांगा."

"एक. हेब्बाळला तळं आहे. डास असणार."

"सरी. दोन?"

"त्या इमारतीत शंभरेक घरं. टूथपेस्ट बदलायची झाली तर सगळ्यांना विचारून होईपर्यंत दात पडतील."

त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "तीन?"

तिसरं कारण मी जिन्यात चांगल्या भाषेत जुळवलं होतं. ते आयत्या वेळी गेलं. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "रविवारी सकाळी माझी बेल कोण वाजवणार?"

 वर ईशानच्या कुकरनं शिटी दिली. मल्लोजीराव खोकल्यासारखं करून म्हणाले, "उत्तरं देतो. पहिल्याचं. शुभा म्हणते, चौदाव्या मजल्यापर्यंत डास येत नाहीत. मला पटलं नाही, पण जाळी आहे. दुसऱ्याचं. शंभर घरांत एक तरी भांडखोर निघेल. इथं तुम्ही सगळे फार सभ्य."

मी खाली मान घातली.

"आणि शुभा," ते म्हणाले. "ती मला या म्हणाली नाही, प्रोफेसरबाई. एकदाही नाही. मागच्या महिन्यात आली, माझ्या गोळ्यांचा डबा उघडून बघत उभी राहिली, मग माझे दोन शर्ट उगीच घडी घातली आणि गेली. मौन म्हणजे संमती नाही, हे मी आयुष्यभर सांगितलो. पण मौन म्हणजे काय, ते पण बघायला नको? तिच्या आईचं मी बघितलो, तेव्हा उशीर झालेला."

"म्हणजे आक्षेप फेटाळला."

"दोन फेटाळले. कारणासकट." त्यांनी खोक्याची दोरी उगीच घट्ट केली. "तिसऱ्याला उत्तर माझ्याकडे आज नाही. मुदत पाहिजे."

"किती?"

"स्वल्प."

स्वयंपाकघरातून फिल्टर कॉफीचा वास येत होता. त्यांचं लक्ष तिकडे गेलं, माझंही. ते उठता उठता थांबले.

"आज तुम्ही मागायला आलात आणि मी ठरवणारा," ते अवघडून म्हणाले. "नियमानं तुम्हाला कॉफी चालत नाही."

"नाही चालत," मी म्हटलं आणि वर आले. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांच्या हातची कॉफी राहिली ती राहिलीच.

ते शुभाच्या गाडीतून गेले. पुढच्या सीटवर बसले होते, मांडीवर दोड्डपत्र्याची कुंडी, लांब वाकलेली फांदी खिडकीतून बाहेर. ईशान वरून हात हलवत ओरडला, "मिस यू, अंकल!" मल्लोजीरावांनी मान वर करून मला विचारलं, "हे उत्तर आहे की अंदाज?" मी म्हटलं, "हे उत्तर आहे." तेव्हा त्यांनी त्यालाही हात केला.

तळमजल्यावर अजून कुणी आलेलं नाही. रविवारी दूध येतं आणि पेपर यायचा असतो, त्या मधल्या वेळात घर फार मोठं होतं. पहिल्या रविवारी मी दाराजवळच्या खुर्चीत बसले होते, का ते मला विचारू नका. फोन वाजला.

"प्रोफेसरबाई, तिसऱ्या आक्षेपाचं उत्तर देतो," मल्लोजीराव म्हणाले. "ही बेल."

 ते घाईनं पुढे बोलले. विधेयकाचं काम चालू आहे, इथले आमदार वेगळे आहेत, तेही कॉफी विचारतात. लिफ्टमध्ये एक पंजाबी बाई भेटली, ती प्रत्येक गोष्टीवर वाद घालते, फार छान आहे. शुभा हल्ली वेळेवर जेवते. मग ते थांबले.

"इथं बाल्कनीला ऊन फार चांगलं आहे," ते म्हणाले. "कुंडी मी आल्या आल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलो. आता काढून बाल्कनीत ठेवायचं म्हणतो." पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "काही आक्षेप?"

"आहे," मी म्हटलं. "बेडा."

 मग त्यांनी विचारलं, "कारण?" इतक्या हळू, की मी आधी फोन कट झाला असं समजले.

"चौदावा मजला. वारा फार. पानं फाटतील."

"मुद्दा आहे," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी उत्तर देतो."

त्याला आता बरेच रविवार झाले. वाऱ्याचं उत्तर आलं, तेव्हा मी कबुतरं काढली. कबुतरांसाठी त्यांनी जाळी सुचवली, तेव्हा मी म्हटलं की जाळीनं ऊन अडतं, मग बाल्कनीचा उपयोग काय? सध्या पाण्याच्या निचऱ्यावर चर्चा चालू आहे. ते प्रत्येक आक्षेपाला कारणासकट उत्तर देतात, आणि आठवडाभर मी पुढचा शोधत असते. झाड तसंच लांबलचक वाकलेलं आहे, असं शुभा सांगते. पण जिवंत आहे.

कुंडी अजून स्वयंपाकघराच्या खिडकीतच आहे. माझे आक्षेप संपलेले नाहीत.